ओबामांना पुन्हा निवडून द्यावं का? अडवणूक झालेल्या अध्यक्षाला कोणत्या मापाने मोजायचं?

रानजाई (न्यू जर्सी, ऑक्टोबर २०१२)

नागरिकत्व मिळाल्यावर २००८ मध्ये माझं पहिलं मत ओबामांना दिलं. ६ नोव्हेंबरलाही त्यांनाच देणार आहे. पण आमच्या मित्रमंडळीत सध्या एकच प्रश्न ऐकू येतो, "चार वर्षं दिली, केलं काय?" म्हणून हा धागा.

सिनेटमधले, म्हणजे वरिष्ठ सभागृहातले, विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी २०१० च्या ऑक्टोबरमध्ये मुलाखतीत उघड सांगितलं होतं की ओबामांना दुसरा कार्यकाळ मिळू न देणं हे आमचं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट आहे. देशात तेव्हा बेकारी नऊ टक्क्यांच्या वर होती! पुढच्या वर्षी ओबामांनी ४४७ अब्ज डॉलरचं रोजगार विधेयक मांडलं. शिक्षकांच्या नोकऱ्या, रस्ते, पूल, पगारावरच्या करात सूट, सगळं त्यात होतं. सिनेटमध्ये ते साध्या चर्चेलाही आलं नाही, कारण विरोधक अडून बसले की १०० पैकी ६० मतं लागतात. सरकारने किती कर्ज काढायचं त्या कर्जमर्यादेचं तर विचारूच नका. जो खर्च संसदेने आधीच मंजूर केला, त्याची बिलं भरायची की नाही यावर देशाला शेवटच्या दिवसापर्यंत टांगून ठेवलं. ५ ऑगस्ट २०११ ला एस अँड पी या पतमापन संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन खाली आणलं.

आता काम झालं नाही म्हणून अध्यक्षाला घरी पाठवलं, तर मोडता घालणाऱ्यालाच बक्षीस दिल्यासारखं होईल. पुढचा प्रत्येक विरोधी पक्ष हाच धडा घेईल.

कोकणकडा (टेक्सास)

रानजाई, पूर्ण असहमत. पहिली दोन वर्षं तुम्ही गाळलीत. दोन्ही सभागृहं त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर गेली, आणि वॉशिंग्टनमध्ये आरोग्य विम्यावर महिनोन् महिने खल चालू होता. माझा सहा माणसांचा धंदा. त्या वर्षी बँकेने खेळत्या भांडवलाचं कर्ज थांबवलं आणि दोघांना मी स्वतः बसवून सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. ते दिवस मी विसरलेलो नाही.

मग लोकांनी २०१० मध्ये रिपब्लिकनांना कनिष्ठ सभागृहात ६३ जागा वाढवून दिल्या. तुम्ही अडवणूक म्हणता, मी त्याला कौल म्हणतो. त्या खासदारांनाही लोकांनीच निवडलंय, आणि ज्यासाठी निवडलं तेच ते करताहेत. क्लिंटननी १९९४ मध्ये दोन्ही सभागृहं गमावली, तरी त्याच विरोधकांबरोबर १९९६ चा कल्याण योजनांचा कायदा केला. ओबामांसमोरचे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी आधी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते; त्यांनी डेन्व्हरच्या वादफेरीत सांगितलं की तिथलं विधिमंडळ ८७ टक्के डेमोक्रॅट होतं. तरी काम केलंच ना?

रानजाई

तुमच्या त्या दोघांबद्दल खरंच वाईट वाटलं. पण रॉम्नींचं उदाहरण उलटून बघा. समोरच्या डेमोक्रॅटांनी त्यांना साथ दिली म्हणून २००६ चा आरोग्य कायदा झाला. विमा सगळ्यांनी घ्यायचाच, ही त्यातलीच तरतूद ओबामांनी देशासाठी घेतली, तर २०१० मध्ये एकाही रिपब्लिकनाने मत दिलं नाही. आणि पहिल्या दोन वर्षांचं म्हणाल, तर सिनेटमधली ती ६० मतं ओबामांच्या पक्षाकडे काही महिनेच होती. डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी वारले आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांची जागाही रिपब्लिकनांकडे गेली.

चाफेकळी (पुणे)

मला तिथे मत नाही, पण या वादाचं मूळ पद्धतीत आहे असं वाटतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात हाच फरक मांडला होता. अमेरिकी पद्धतीत सरकार जास्त स्थिर असतं, संसदीय पद्धतीत जास्त जबाबदार. आपल्याकडे लोकसभेत बहुमत गेलं की सरकार पडतं, त्यामुळे जाब कोणाला विचारायचा ते कळतं. तिथे अध्यक्षही टिकतो, विरोधी बहुमतही टिकतं, आणि मतदाराला दोष वाटून द्यावा लागतो.

पाऊलवाट (कॅलिफोर्निया)

मीही ग्रीन कार्डवर, मत नाही. लहानपणी आईबापांबरोबर बेकायदा आलेल्या मुलांसाठीचं विधेयक डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये ५५ मतं मिळूनही अडलं. शेवटी या जूनमध्ये ओबामांनी स्वतःच्या अधिकारात त्या मुलांना तात्पुरता दिलासा दिला. तो कायदा नाही, पुढचा अध्यक्ष काढून घेऊ शकतो. त्या पोरांसाठी ही निवडणूक जिवावरची आहे.

कोकणकडा

चाफेकळींचा मुद्दा मान्य. पण रानजाई, ओबामा परत आले आणि कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांकडेच राहिलं तर वेगळं काय होणार? गाडा तिथेच रुतलेला राहील. याचं उत्तर द्या.

रानजाई

या प्रश्नाने मलाही छळलंय. एक म्हणजे त्याच दिवशी कनिष्ठ सभागृहाच्या ४३५ जागांसाठीही मतदान आहे. मी खालची नावंही तितक्याच काळजीने वाचणार आहे. दुसरं, बुश यांच्या काळातली करकपात ३१ डिसेंबरला संपते. आजवर काहीही न करण्यात विरोधकांचा फायदा होता. या वेळी काही केलं नाही तर त्यांना हवी असलेली ती करकपात आपोआप जाईल, म्हणजे बोलणी त्यांनाही हवीच असतील.

आणि नवं काही झालं नाही, तरी झालेलं टिकवायचं आहे. रॉम्नी ओबामांचा तो २०१० चा आरोग्य कायदा रद्द करू म्हणतात. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे. नोकरी गेल्यावर आम्ही स्वतः विमा काढायला गेलो, तेव्हा विमा कंपनीने आजाराचं कारण देऊन अर्ज परत केला. १ जानेवारी २०१४ पासून कोणालाच असा अर्ज परत करता येणार नाही. त्या दिवशी व्हेटोचा, म्हणजे संसदेचं विधेयक नाकारण्याचा, अधिकार कोणाच्या हातात असेल, ते मी ६ तारखेला ठरवणार आहे.