मदत हवी आहे: घाट परतीला लागतो, आणि तोवर गुडघा संपलेला असतो

मंडळी, इंदूरच्या सायकलवाल्यांना विचारतोय. बाकीच्यांनीही सांगा, पण आधी आमचा भूगोल ऐकून घ्या.

वय ४४, लोकमान्य नगरात राहतो, दिवसभर खुर्चीत बसून काम. रोड बाइक घेऊन दीड वर्ष झालं. ॲल्युमिनियमची फ्रेम, २५ एमएमचे टायर, पुढच्या चकत्यांना ५०-३४ दाते, मागच्यांना ११ ते २८. फेब्रुवारीत २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे, आयुष्यातली पहिली. मुदत साडेतेरा तासांची, त्यामुळे वेगाची फार काळजी नाही. काळजी आहे ती डाव्या गुडघ्याची.

आठवड्यातून दोनदा सुपर कॉरिडॉरला मेट्रोच्या कडेकडेने ३० किमी. रविवारी लांबची राइड, बहुतेक वेळा खंडवा रोडने चोरलपर्यंत, जाऊन-येऊन ८० च्या आसपास. आता भूगोल. माझा मेहुणा पुण्यात सिंहगड करतो. घाम गाळत वर चढतो आणि मजेत उतरून घरी येतो. आमचं सगळं उलटं. इंदूर माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर. सिमरोल मागे पडलं की रस्ता नर्मदेच्या बाजूला खाली उतरायला लागतो. म्हणजे तोवर जे काय अंग तापलेलं असतं ते भेरूघाटात निवतं, आणि चढ येतो तो पाय थकल्यावर.

गेल्या रविवारी सहाला निघालो. सूर्य उगवायला सात वाजून जातात हल्ली, त्यामुळे पहिला तास दिव्याच्या उजेडात. तेजाजी नगरपर्यंत मंडीकडे निघालेल्या भाजीच्या गाड्या, त्यातल्या निम्म्यांना मागचा लाइट नाही. मोबाइल ९ अंश दाखवत होता. अंगात जर्सी, वर पातळ विंडचीटर, खाली नेहमीची हाफ शॉर्ट्स, हातात अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज. (हसू नका. 'चढताना गरम होतंच' हा माझा युक्तिवाद होता.) घाट उतरताना बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक लागतोय की नाही ते सायकल हळू झाल्यावरच कळायचं.

चोरलला टपरीवर चिक्कीची पुडी काढली, तर ती फाडता येईना. दोनदा प्रयत्न केला, दात लावून पाहिले. चहावाल्याने काही न बोलता पुडी माझ्या हातातून घेतली, फाडली, परत दिली. मग म्हणाला, "भिया, इत्ती ठंड में कौन सायकिल चलाता है?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं नुसता उभा राहिलो, चहा नंतर प्यायलो.

परतीच्या चढावर ३४-२८ हा सगळ्यात हलका गिअर लावूनही केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) पन्नासच्या वर जाईना, आणि डावा गुडघा पुढून, वाटीच्या खाली, ठणकायला लागला. शेवटी उतरून दोन-तीनशे मीटर सायकल ढकलत नेली. सोमवारी ऑफिसचा जिना आडव्या पायाने चढलो. डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे बघून हाडं उत्तम म्हणाले, आणि थंडी संपेपर्यंत सायकल बंद करा म्हणाले. आईचंही तेच मत, वर डिंकाचे लाडू.

तर, हे थंडीमुळेच होतंय का? गुडघे झाकल्याने खरंच फरक पडतो की तो दुकानदारांचा धंदा आहे? आणि घाट न उतरता लांबची राइड होईल असा रस्ता आहे का? दोन महिने हॉलमध्ये ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) घालवायची अजिबात इच्छा नाही.

प्रतिसाद १

महूचा आहे, ५८ वर्षांचा, म्हणून थोडं हक्काने सांगतो. हिवाळ्यात चोरलचा नाद सोडा. महूवरून जाम गेटला या. अहिल्याबाईंचा दरवाजा घाटमाथ्यावरच आहे, तिथे थांबून खालचं निमाड बघायचं आणि मागे फिरायचं. मंडलेश्वरकडे उतरायचंच नाही. तुमच्याकडून जाऊन-येऊन शंभर तरी होतील आणि चढउतार लहान लहान, सगळीकडे पसरलेले. पाय सतत फिरत राहतात, निवत नाहीत.

कपड्यांचं म्हणाल तर हिशोब करा. हवा १० अंश आहे आणि तुम्ही ताशी ४० ने उतरताय, तर अंगाला ती ६ अंशांसारखी लागते. गुडघ्यावर मांस नसतं, कातडीखाली लगेच वाटी आणि स्नायूबंध. दुकानदाराचा धंदा असेल, पण १५-१६ अंशांच्या खाली मी नी-वॉर्मरशिवाय (गुडघ्यावर चढवायच्या उबदार बाह्या) निघत नाही. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज आजच्या आज घ्या, ते ब्रेकसाठी. आणि सहाला कशाला निघता? रविवारच आहे, साडेसातला निघा. दहा-साडेदहापर्यंत ऊन खात राइड होते.

प्रतिसाद २

थंडीने गुडघा आखडतो, पण दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतंय ना? पुढून, वाटीच्या खाली. मग आधी सॅडलची, म्हणजे सीटची, उंची तपासा. ढोबळमानाने, पुढे दुखलं तर सॅडल खाली आहे किंवा गिअर जड पडतोय, मागे दुखलं तर सॅडल वर आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाडसर पुस्तक सायकलच्या सीटसारखं जांघेत वर दाबून धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. जे येईल ते बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्या जिथे फ्रेमला जोडलेल्या असतात तो भाग) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर. हे काही ब्रह्मवाक्य नाही, पण एक-दीड सेंटीमीटरची चूक लगेच पकडली जाते. सर्व्हिसिंग कधी झाली? सीटपोस्टवर (सॅडलखालचा दांडा) काही खूण केलेली आहे का?

आणि मागे ११-३२ बसते का ते मेकॅनिकला विचारा. चाळिशीनंतर २८ वर घाट ओढण्यात कसलं शौर्य आहे?

प्रतिसाद ३

ग्लोव्हजना +१. उतारापूर्वी कालचा पेपर जर्सीत छातीशी घाला, खाली पोचल्यावर काढा. युरोपातले रेसर घाटमाथ्यावर हेच करत आलेत. इंदुरात त्याच पेपरवर नंतर पोहे खाता येतील.

एक विसरू नका. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं. ८० किमीत किती बाटल्या संपल्या?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. बाटली एकच संपली होती, तीही अर्धी चूळ भरण्यात. मान्य.

सॅडलचं ऐकून काल रात्री माप घेतलं. पुस्तकाच्या कडेपर्यंत ८० सेंटीमीटर, म्हणजे सॅडल ७०.६ वर हवं. निघालं ६९.३. आता खरी गंमत. सायकल घेतली तेव्हाच सीटपोस्टवर पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवली होती, दांडा आवळणाऱ्या क्लँपच्या बरोबर वर. ती दिसेचना. टॉर्च घेऊन शोधली, नाही. पोस्ट बाहेर ओढला तर पट्टी आत फ्रेममध्ये, अर्धी सोललेली, ग्रीस लागून काळी पडलेली. दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला दिली होती, क्लँप नीट आवळला गेला नसणार. खड्ड्याखड्ड्याला मिलिमीटर मिलिमीटर खाली सरकत गेली आणि मी थंडीला शिव्या देत बसलो.

पोस्ट पुसून क्लँप ५ न्यूटन मीटरला आवळला, नवी पट्टी लावली. एकदम मूळ उंचीवर नाही नेली, आज ४ मिमी वर घेतली. गुडघा शांत राहिला तर दोन राइडनंतर पुन्हा तेवढीच.

महूकर काका, या रविवारी साडेसातला निघतोय, पण जाम गेटपर्यंत नाही, महूपर्यंतच. गुडघ्यावर लगेच शंभरचा भार नको. नी-वॉर्मर अजून आलेले नाहीत, तोवर बायकोच्या जुन्या लेगिंग्ज कापून वापरतोय. फोटो टाकणार नाही.