दोन किकमध्ये सुरू झाली म्हणजे येझदी तयार झाली असं नसतं

अमळनेरकर
काल जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "18 वर्षं गोठ्यात उभी येझदी, नवा प्लग, ताजं पेट्रोल, दोन किक, गाडी धूम." खाली सगळ्यांचं वाह वाह. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

वडिलांची येझदी, म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये 14 वर्षं होती. मीही हेच केलं. गियरचा दांडा उभा केला (येझदीत किकही त्याच दांड्याने मारतात), तिसऱ्या किकला चालू, आवाज ऐकून आई दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चोपडा रस्त्याला लागलो तर थ्रॉटल सोडला तरी रेस उतरेना, मला वाटलं केबल अडकतेय. तापीच्या पुलाच्या अलीकडे मागचं चाक एकदम जाम. सिलेंडर काढला तर पिस्टन एका बाजूने खरवडलेला, त्याचं अ‍ॅल्युमिनियम सिलेंडरला चिकटलेलं. क्रँकचं डायनॅमोकडचं सील, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, वाळून लाकूड झालं होतं, तिथून हवा ओढली जात होती, पेट्रोल कमी हवा जास्त, इंजिन तापणारच. येझदीचा मैसूरचा कारखाना 1996 लाच बंद झाला, चांगला सिलेंडर आणायचा कुठून?

आधी प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडा, रात्रभर मुरू द्या, टॉप गियरला टाकून मागचं चाक हाताने फिरवा. सीलं बदला. किक त्यानंतर.

भुसावळ टूस्ट्रोक
भो, सरसकट इंजिन खोला म्हणून सांगू नका. माझी राजदूत 11 वर्षं बंद होती, ठिणगीचे पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला, आजही वरणगावला जाऊन येते, सील कंपनीचंच आहे. रेस उतरत नव्हती तेव्हाच थांबायचं होतं, चूक तुमची आणि दोष सीलला. आणि खोलणार कोण? आजकालची पोरं साइड कव्हरचे स्क्रू छन्नीने मारतात, माझ्या शेजाऱ्याचं कव्हर चिरलं, त्या दुकानदाराने हात वर केले.

धुळे एमएच 18
सील राहू द्या, पेट्रोलचं बोला. 20 टक्के इथेनॉल आहे त्यात, मका-उसापासून काढलेलं अल्कोहोल. पाणी धरतं, पावसाळ्यात गाडी उभी राहिली की ते टाकीच्या तळाशी बसतं, गंज तिथूनच लागतो. माझा पेट्रोल पाइप फुगून मऊ पडला, नुसता ओढला तर हातात आला. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, मिक्स्चर आणखी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जुन्या गाडीवाल्यांना कोणी विचारलं का?

मकावाला शिरपूर
इथेनॉलला शिव्या देणाऱ्यांनी एकदा आमच्या बांधावर या. कापसाला बोंडअळी, कांद्याचा भाव कधी कोसळेल सांगता येत नाही, मक्याला इथेनॉलमुळे गिऱ्हाईक तरी आहे. तुमच्या हौसेच्या गाडीसाठी आमचं पीक मातीत घालायचं का?

धुळे एमएच 18
हौस? आजोबा त्याच गाडीवर दूध घालायचे. आम्हीपण शेतकरीच आहोत. साधं पेट्रोलही पंपावर ठेवा एवढंच म्हणतोय, तर लगेच शेतकरीविरोधी!

मकावाला शिरपूर
ठेवा की, कोण नको म्हणतं. पण "इथेनॉल बंद करा" या सुरात बोलू नका, पोटाला लागतं ते.

अमळनेरकर
धागा गाडीचा होता. पण धुळेवाल्यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. या पेट्रोलवर मिक्स्चर आधीच पातळ, त्यात सील गळकं, म्हणजे पिस्टनला दोन्हीकडून मार. मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी तोटी) एक नंबर मोठा टाकला आणि लिटरला 40 मिली ऑइल धरलं, तेव्हापासून 45 डिग्रीतही गाडी चोपड्याला पोचते. भुसावळवाले, रेस उतरत नव्हती तेव्हा थांबायला हवं होतं हे मान्य. पण 14 वर्षांचं रबर शाबूत निघेल हे कशाच्या भरवशावर धरायचं?

भुसावळ टूस्ट्रोक
रविवारी साइड कव्हर काढून बघतो. सील कडक लागलं तर बदलेन, मऊ असेल तर हात लावणार नाही. आणि इंजिन मीच खोलणार, दुकानात देणार नाही.