शाकेन आयमानोव्हवर ४० मिनिटं बोलायचंय: रंगभूमी किती, पडदा किती?

फोंडेकर_रंगकर्मी
नमस्कार मंडळी. इफ्फीच्या आधी आमच्या वाचनालयात परदेशी नटांवर बोलायचं ठरलंय, आणि कझाक नट-दिग्दर्शक शाकेन आयमानोव्ह माझ्या वाट्याला आलाय. वेळ ४० मिनिटं, प्रोजेक्टर आहे. समोरचे लोक जत्रेतल्या नाटकांवर आणि कला अकादमीच्या स्पर्धांवर पोसलेले. सोव्हिएत सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला नसणार. जन्म-शिक्षण-पुरस्कार अशी जंत्री वाचली तर अर्धे लोक चहाला उठतील. सुरुवात कुठून करू? कोणते तुकडे दाखवू? आणि एका ठिकाणी तो 'किझ जिबेक'मध्ये आहे असं वाचलं, ते खरं का?

म्हापशेकर
शेवटचं आधी. नाही. 'किझ जिबेक' १९७० चा, दिग्दर्शक सुलतान-अहमेद खोजिकोव्ह. त्यात खलनायक बेकेजान झालाय तो असानाली आशिमोव्ह. आयमानोव्ह-आशिमोव्ह ही गल्लत नेहमीची, आणि तिला आणखी एक कारण आहे: आयमानोव्हचा शेवटचा चित्रपट 'आतामानचा अंत' हाही १९७० चाच, आणि त्यातला नायक चाद्यारोव्ह म्हणजे पुन्हा आशिमोव्ह. आयमानोव्ह तिथे कॅमेऱ्याच्या मागे आहे. पिढी वेगळी, हे स्लाइडवर ठळक टाका: आयमानोव्ह १९१४ चा, आशिमोव्ह १९३७ चा.

आता सांगाडा. जन्म १५ फेब्रुवारी १९१४, बायानऔल. सेमिपालातिन्स्कला शिक्षक होण्याचं शिक्षण. १९३३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, अल्मा-आताच्या कझाक नाट्यगृहात दाखल. हेच पुढे कझाक लेखक मुख्तार औएझोव्ह यांच्या नावाचं झालं. १९४७ ते १९५१ तिथला मुख्य दिग्दर्शक. पडद्यावर १९४० पासून ('रायहान'), चित्रपट-दिग्दर्शन १९५४ पासून. २३ डिसेंबर १९७० ला मॉस्कोत मोटारीच्या धडकेने मृत्यू. १९८४ मध्ये 'कझाकफिल्म' स्टुडिओला त्याचं नाव मिळालं. यातलं एका स्लाइडवर मावेल तेवढंच घ्या, बाकी तोंडी.

सालांचा घोळ टाळायचा तर निर्मितीचं साल की प्रदर्शनाचं, हे एकदाच ठरवा. 'जांबूल' हा चित्रपट कुठे १९५२ दिसेल, कुठे १९५३. 'आमचा लाडका डॉक्टर' १९५७ किंवा १९५८. पुरस्कारांतही तसंच: 'लोककलाकार' हा किताब प्रजासत्ताकाचा वेगळा आणि सोव्हिएत संघाचा वेगळा. १९५९ हे साल संघाच्या किताबाचं.

डिचोलीची_प्रेक्षक
नाटकवाल्यांसमोर बोलणार असाल तर पहिली १२-१५ मिनिटं रंगभूमीलाच द्या, सिनेमाची घाई करू नका. हे नाट्यगृह १९२६ मध्ये किझिलओर्दाला उघडलं आणि राजधानी हलली तसं अल्मा-आताला गेलं. पहिल्या फळीतल्या कालिबेक कुआनिश्पायेव्ह, येलुबाय उमुर्झाकोव्ह या नटांकडे नाट्यशाळेची पदवी नव्हती. गाणं, नकला, गोष्ट सांगण्याची हातोटी यांवर ते उभे राहिले. आयमानोव्ह आला तो यांच्यात. हा धागा आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगावा लागणार नाही.

भूमिका दोनच घ्या, दोन्ही शेक्सपिअरच्या: ऑथेल्लो आणि 'द टेमिंग ऑफ द श्रू'मधला पेत्रुकिओ. दोन्ही नाटकांची कझाक भाषांतरं औएझोव्ह यांची. पेत्रुकिओ १९४३ चा, समोर कॅथरिना म्हणून खादिशा बुकेयेवा. प्रयोग बसवला युद्धामुळे मॉस्कोहून आलेल्या ओल्गा पीझोवा आणि बोरिस बिबिकोव्ह यांनी. इथे थोडं थांबा. मोसफिल्म आणि लेनफिल्म हे मोठे सोव्हिएत स्टुडिओ त्या काळात अल्मा-आतात हलवलेले होते, आयझेन्स्टाइन 'इव्हान द टेरिबल' तिथेच चित्रित करत होता. शिस्तबद्ध तालीम, भूमिकेचं विश्लेषण आणि पडद्याचं तंत्र एकाच गावात एकाच वेळी आलं. पुढे नट दिग्दर्शक कसा झाला, त्याची पार्श्वभूमी एवढ्यात येते.

पडद्यावरच्या नटासाठी 'जांबूल' सोडून चालणार नाही. जांबूल जाबायेव्ह (१८४६–१९४५) हा अकीन, म्हणजे दोन तारांच्या दोंब्रावर ऐन वेळी कवन रचून गाणारा. भूमिका तरुणपणापासून थेट म्हातारपणापर्यंत जाते, आणि ती करताना आयमानोव्ह चाळिशीच्याही अलीकडे होता. एक तुकडा तरुणपणाचा, एक उतारवयातला, लागोपाठ लावा. दाढी-सुरकुत्यांकडे कोणीही बघेल. तुम्ही मान, खांदे आणि बसण्या-उठण्याचा वेग बघायला सांगा.

दोन अकीनांचा सामना म्हणजे आयतिस. आपल्या माणसांना 'भजनातली डबलबारी' म्हटलं की अर्धं काम होतं, पण तिथेच सोडू नका: आयतिसमध्ये कवन जागच्या जागी रचावं लागतं.

फोंडेकर_रंगकर्मी
म्हापशेकरबाब, डिचोलीच्या ताई, देव बरें करूं! 'जांबूल' आणि 'अल्दार-कोसे' हे त्याचे दोन चित्रपट रशियन आवाजात मिळाले. मराठी उपशीर्षकं स्वतः करायचा विचार आहे. आणि त्याच्या आवाजाच्या फेकीवर दोन मिनिटं बोललो तर चालेल ना?

सांखळी_प्रोजेक्शन
आवाजावर बोलायच्या आधी आवाज त्याचाच आहे का ते बघा. कझाक आणि रशियन अशा दोन आवृत्त्या निघत, आणि डबिंगला दुसरा नट असणं सर्रास चालायचं. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आवाजाचा विषयच काढू नका. कझाक आवृत्ती शोधताना नाव कझाक किरिल लिपीत टाका. 'अल्दार-कोसे'चं रशियन नाव निराळं आहे, 'बिनदाढीचा ठग' अशा अर्थाचं, त्यामुळे एकाच नावाने शोधलं तर अर्ध्या प्रती हाती लागत नाहीत.

उपशीर्षकं. तयार फाइल घेतलीत तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते बघा. फाइल २४ ची आणि चित्रपटाची प्रत टीव्हीवरून घेतलेली २५ ची असेल, तर ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि अक्षरं शेवटाला साडेतीन मिनिटांहून जास्त मागे पडतात. सुरुवातीला बरोबर वाटतं, म्हणून कोणी तपासत नाही. सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलला की सुटतं. सुरुवातीपासून सगळं सारखंच मागे-पुढे असेल तर व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी ५०-५० मिलिसेकंद सरकवा, फाइलला हात लावायची गरज नाही.

तुम्हाला मात्र तुकडेच हवेत. तर आधी तुकडे कापा, मग प्रत्येक तुकड्यासाठी शून्यापासून उपशीर्षकं लिहा आणि चित्रातच छापून घ्या. उलट क्रमाने केलंत तर सगळ्या वेळा पुन्हा लावाव्या लागतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फॉन्ट निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन ओळींपेक्षा जास्त नको, ओळीत ३५ च्या आसपास अक्षरं. गाणं असेल तर शब्दशः जाऊ नका, कडव्याचा आशय एका ओळीत द्या. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावून सुटी उपशीर्षकं चालवू नका. कित्येक प्रोजेक्टरांत वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. लॅपटॉपवरूनच.

म्हापशेकर
सांखळीकरांचं आवाजाचं म्हणणं 'जांबूल'ला जास्त लागू, कारण तिथे बोलण्या-गाण्यावरच सगळं आहे. 'अल्दार-कोसे' (१९६४) मुक्या आवाजातही दाखवता येईल. श्रीमंत धनिकाला ('बाय') आणि मुल्लाला टोपी घालणारा लोककथेतला ठग; दिग्दर्शकही तोच, नटही तोच, वय ५०. प्रेक्षकाकडे बघून डाव टाकणं, हातवारे थोडे मोठे ठेवणं, हे सरळ रंगमंचावरून आलंय. माझ्या मते नट आयमानोव्ह इथे सर्वांत मोकळा आहे. 'जांबूल'मध्ये राष्ट्रकवीचा पुतळा घडवायचं ओझं अधूनमधून जाणवतं.

दिग्दर्शनाला दहा मिनिटं पुरेत. 'प्रेमकाव्य' (१९५४, के. गाक्केलसोबत) हे गाबित मुस्रेपोव्ह यांच्या नाटकाचंच चित्रीकरण, म्हणून नाटकवाल्यांना दोन मिनिटं दाखवा. त्याला लागून 'पूर्वजांची भूमी' (१९६६, पटकथा ओल्झास सुलेइमेनोव्ह). म्हातारा नातवाला घेऊन रेल्वेने निघतो, युद्धात पडलेल्या मुलाच्या अस्थी लेनिनग्राडकडून स्टेपमध्ये, म्हणजे गवताळ माळरानात, आणायला. म्हातारा झालाय तो येलुबाय उमुर्झाकोव्ह, वर ताईंनी सांगितलेल्या पहिल्या फळीतला. १९३८ च्या 'आमानगेल्दी'चा नायकही तोच. दोन तुकडे शेजारी ठेवलेत की बारा वर्षांत अभिनयाची पट्टी किती खाली आणली ते न सांगता दिसतं.

'टोपीतला देवदूत' (१९६८) वेळ उरला तरच. मुलासाठी वधू शोधत फिरणारी आई, अमिना उमुर्झाकोवा. हशा नक्की, पण तो हशा अमिनाबाईंचा; तुमच्या ४० मिनिटांत तिला बसवायला गेलात तर 'जांबूल'चा दुसरा तुकडा कापावा लागेल, तो कापू नका.