मुलग्याच्या गळ्यातला उंच सूर: अर्नेस्ट लफनंतर काय ऐकू?

तिरपं_ऊन:
सध्या एकच ध्वनिमुद्रण माझा पिच्छा सोडत नाहीये, म्हणून हा धागा. १९२७ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये अर्नेस्ट लफ नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने गायलेली मेंडेलसोन या संगीतकाराची 'हिअर माय प्रेअर'. ऑर्गनवर जॉर्ज थालबेन-बॉल. माझा कान घडला तो ख्याल आणि नाट्यपदांवर, पाश्चात्त्य संगीतात मी नवखीच. पण शेवटच्या भागात, 'कबुतराचे पंख मिळाले असते तर दूर निघून गेलो असतो' अशा अर्थाच्या ओळी येतात, तिथे हा पोरगा वर जातो आणि हातातलं काम राहून जातं. सुराला कंप नाही, जोर लावणं नाही, खालून चाचपत वर चढणं नाही. थेट सुरावर येतो आणि तिथेच राहतो. मागून बाकीची मुलं गायला लागतात तेव्हा तो त्यांच्यात मिसळतो आणि तरी वेगळा ऐकू येतो.

असं अजून काय ऐकावं? मुलगाच गाणारा हवा, मोठ्या गायिकांचा सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज, सध्या नको. शिवाय जूनमध्ये लेकीकडे लंडनला जाणार आहे. प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल, तिकीट लागतं का? बरोबर दहा वर्षांचा नातू असेल. तो गाणं शिकतो, त्याच्यासाठीही काही सुचवा.

खर्ज:
काय सुरेख जागी सुरुवात झाली आहे तुमची! त्या तबकडीला इतकी मागणी आली की मूळ साचा झिजला आणि १९२८ साली लफला तीच रचना पुन्हा गाऊन मुद्रित करावी लागली. लोकांचा त्या आवाजावर इतका जीव जडला होता की शेवटचा सूर लावून मुलगा तिथेच गेला, अशाही अफवा उठल्या. प्रत्यक्षात लफ पुढे बॅरिटोन, म्हणजे पुरुषांच्या मधल्या पट्टीत गाणारे, झाले, त्याच चर्चच्या गायकवृंदात गात राहिले आणि २००० साली वारले. मायक्रोफोन लावून मुद्रण करणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. आधीच्या कर्ण्याच्या पद्धतीत एवढा कोवळा आवाज, त्यात मोठ्या दगडी वास्तूतला घुमारा, पकडताच आला नसता.

पुढचं नाव निःसंशय रॉय गुडमन. १९६३, केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, डेव्हिड विलकॉक्स यांचं संचालन, अलेग्री या संगीतकाराची 'मिझेरेरे' (पश्चात्तापाचं स्तोत्र), इंग्रजी शब्दांत. मुलगा बारा वर्षांचा, रग्बीच्या मैदानावरून तसाच आलेला. त्यात पियानोच्या मधल्या 'सी' या सुरापासून दोन सप्तकं वरचा 'सी' पुन्हा पुन्हा येतो. मोठी माणसं सपाट, गंभीर पठण करतात, मग लांबून चार आवाज उत्तर देतात आणि त्यातला एक सुटून वर जातो. पहिल्या वेळी दचकायला होतं. दुसऱ्या वेळेपासून आपण त्याची वाट बघू लागतो, आणि रचनेची खरी मौज या वाट बघण्यात आहे. हेडफोनवर नको, खोलीत थोडं लांब स्पीकर ठेवून ऐका. हे गुडमन पुढे व्हायोलिनवादक आणि संचालक झाले.

ओली_माती:
माझं मत फोरे या संगीतकाराच्या 'रेक्विएम'ला (मृतांसाठीची प्रार्थना), त्यातही 'पिए येझु' या भागाला. विलकॉक्स यांचंच १९६७चं मुद्रण घ्या. गाणारा मुलगा म्हणजे बॉब चिलकॉट, आज ते संगीतकार म्हणून जगभर ठाऊक आहेत. १८८८ साली पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ही रचना पहिल्यांदा झाली तेव्हाही हा भाग मुलानेच गायला होता, कारण तिथल्या गायकवृंदात स्त्रियांना जागा नव्हती. तीनेक मिनिटांचा तुकडा, उड्या नाहीत, ताना नाहीत. एकाच शांत ओळीवर आवाज तोलून धरायचा. माझ्या लेखी वरचा 'सी' लावण्यापेक्षा हे अवघड आहे.

आणि बर्नस्टाइन या संगीतकाराच्या 'चिचेस्टर साम्स'चा (साम्स म्हणजे बायबलमधली स्तोत्रं) दुसरा भाग ऐकल्याशिवाय राहू नका. १९६५ची रचना, शब्द हिब्रू, तेविसावं स्तोत्र: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मुलगा हार्पच्या साथीने गात असतो, आणि मध्येच पुरुषांचे आवाज दुसऱ्या स्तोत्राचे खवळलेले शब्द घेऊन घुसतात: राष्ट्रं का गर्जतात? मग वरचे आवाज त्या गोंगाटावरून मूळ चाल तशीच पुढे नेतात, जणू खाली काय चाललंय याची त्यांना दादच नाही. शेवटी मुलगा परत येतो. वेल्सच्या अॅलेड जोन्सने लहानपणी गायलेलं मुद्रण मिळवा. मी कितीही वेळा ऐकलं तरी त्या संघर्षाच्या जागी अंगावर काटा येतो.

सातारी_कंदी:
थोडा वेगळा सूर लावतो. हे आवाज मला सुंदर वाटतात, पण काचेसारखे. आरपार दिसतं, आत काही दिसत नाही. बारा वर्षांच्या मुलाला पश्चात्तापाचं स्तोत्र काय कळणार? आपल्याकडे कुमार गंधर्वांनी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवल्या, लोक थक्क झाले. पण आपण आज त्यांना डोक्यावर घेतो ते पुढे देवधर मास्तरांकडे शिकून आणि स्वतः विचार करून त्यांनी जे केलं त्यासाठी.

खर्ज:
कुमारजींबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण दोन्हीकडची वाट वेगळी आहे. आपला गुणी मुलगा पुढे त्याच गाण्यात वाढतो. तिकडे हा आवाजच मुळी सरणारा आहे. बाख या संगीतकाराच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकात, जर्मनीतल्या लायप्झिगमधली मुलं सोळा-सतरापर्यंत वरच्या पट्टीत गात, आता बहुतेकांचा आवाज तेराच्या आसपास फुटतो. आठव्या वर्षी भरती, दोन-तीन वर्षं नुसतं वाचायला, ऐकायला आणि मिसळायला शिकण्यात जातात. मग गळा पूर्ण तयार असतो तो वर्ष-दीड वर्ष. रोज सकाळी शाळेआधी तालीम, संध्याकाळी उपासनेत गायन. भाव त्या मुलाने ओतायचा नसतोच. शब्द नीट, सूर सच्चा, श्वास पुरता, एवढं तो चोख करतो आणि दुःख रचनेत असतं ते आपल्यापर्यंत पोचतं. लफचं पुन्हा ऐका. तो कुठेही रडत नाही, म्हणून तर ऐकणारा रडतो.

सातारी_कंदी:
हे पटण्यासारखं आहे. आज रात्री फोरे ऐकतो.

पैलतीर:
तिरपं_ऊनताई, मी इंग्लंडमध्येच असते, प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल सांगते. तुम्हाला हवा तो शब्द 'ईव्हनसाँग', म्हणजे संध्याकाळची गायनोपासना. लंडनमध्ये सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर अॅबी, दोन्हीकडे आठवड्यातल्या बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास असते. तिकीट नाही. दिवसा पर्यटक म्हणून आत जायचे चांगलेच पैसे पडतात, उपासनेला मात्र कुणालाही मुक्त प्रवेश. धर्म कुणी विचारत नाही. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, फोन बंद. पाऊण तासात संपतं, त्यामुळे नातू कंटाळणार नाही.

निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कोण गाणार ते बघा. काही दिवशी फक्त पुरुष गातात, काही ठिकाणी मुलींचे वृंदही आहेत. सॉल्सबरी कॅथीड्रलने १९९१ साली मुलींचा वृंद सुरू केला तो या बाबतीत मोठा बदल होता. मुलींचं गाणंही अवश्य ऐका. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टभर मुलांना सुट्टी असते, म्हणजे तुमचा जून योग्य आहे. अर्धा तास आधी पोचलात आणि गायकवृंदाच्या जवळ जागा आहे का असं दारावरच्या स्वयंसेवकांना विचारलंत, तर कधीकधी अगदी मुलांच्या मागे बसायला मिळतं. तिथून पाठीवरचे पांढरे झगे, एकमेकांकडे सरकवलेली पुस्तकं आणि सूर लावण्याआधी एकत्र घेतलेला श्वास, सगळं दिसतं.

टेंपल चर्चला मात्र रविवारी सकाळी जा. गोल भाग ११८५ सालचा. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात चर्चचं फार नुकसान झालं होतं, नंतर दुरुस्त केलं. तिथे आजही मुलगे आणि पुरुष गातात.

मोगरीचा_वेल:
मी लहान मुलांना गाणं शिकवते, म्हणून नातवापुरतं लिहिते. त्याला हे जरूर ऐकवा, पण तो वरचा 'सी' लावून बघायला सांगू नका. ही मुलं तिथे ओरडून पोचलेली नसतात, वर्षानुवर्षं हलक्या आवाजात वरून खाली उतरत केलेला रियाज असतो त्यामागे. लफच्या ओळीतला श्वास कुठे आहे ते त्याला शोधू द्या, मग स्वतःच्या एखाद्या अभंगात तसाच लांब दम ठेवून बघू द्या. आणि दोन-चार वर्षांनी आवाज फुटायला लागला की गाणं बंद करू नका. पट्टी खाली आणा, ताण देऊ नका, एवढंच.

तिरपं_ऊन:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज 'चिचेस्टर साम्स' लावलं, नातवाने पुरुषांचा गलका सुरू झाल्यावर "आता तो मुलगा कुठे गेला?" असं विचारलं आणि तो परत येईपर्यंत हलला नाही. रविवार टेंपलसाठी राखून ठेवला आहे. डिसेंबरमध्ये आम्ही पुण्यात असू, तेव्हा काही ऐकता येईल का?

पैलतीर:
येईल की. २४ डिसेंबरला किंग्ज कॉलेजची नाताळची उपासना बीबीसी रेडिओवरून थेट असते, तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. ही प्रथा १९१८ची, प्रक्षेपण १९२८पासून. सुरुवात एकट्या मुलाच्या गाण्याने होते, साथीला काहीही नाही. कोण गाणार ते आधी जाहीर करत नाहीत, अगदी त्या क्षणी संचालक एका मुलाला खूण करतो. दहा मिनिटं आधी लावून ठेवा, ती पहिली ओळ चुकायला नको.