मदत हवी आहे : आजीच्या टेबलाच्या रंगाखाली दडलेली नक्षी

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. इमारत पुनर्विकासाला जातेय, त्या आवराआवरीत माळ्यावरून आजीचं टेबल खाली आलं. आजीचं माहेर सावंतवाडीचं, टेबल तिच्यासोबत आलं, एवढंच घरात ठाऊक आहे.

उंची जेमतेम दीड फूट, पाय कातीव. कधीतरी कुणी त्यावर हिरवा ऑइलपेंट फासलाय. एका कोपऱ्यात त्याचा नखाएवढा पापुद्रा निघालाय आणि खाली लाल जमिनीवर पिवळी वेल, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. ते पाहिल्यापासून मला चैन नाही. सावंतवाडीच्या गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते) रंगवणाऱ्या चिताऱ्यांच्या हातचं असेल का? खणाचे सांधे हाताने कापलेले आहेत, एकासारखा दुसरा नाही, खिळा तर एकही नाही.

सुतार म्हणाला, पॉलिश पेपर मारून नवं करून देतो. मी साफ नको म्हटलं. नक्षी तर जाईलच, शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ घरात नको. स्पिरिटही लावलेलं नाही, खाली लाखेचं काम असेल तर तेच विरघळायचं.

एका पायाला बारीक भोकं आहेत, रोज सकाळी खाली पिठासारखा भुसा दिसतो. आधी किडीचा बंदोबस्त करावा की रंगाचा? वरचा थर उतरवून खालची नक्षी राखणारं कुणी ठाणे-मुंबईत माहीत असेल तर कृपया सांगा. आणि कुणाच्या घरी सावंतवाडीचं जुनं रंगकाम असेल, तर ताडून पाहायला फोटो टाकाल का? महिन्याभरात घर रिकामं करायचंय.