टॉम लॅसेटर यांच्यावरील स्मरणलेखात ‘दयाळू’ हा शब्द वापरावा का?

माणदेशी_खिलार यांचा प्रश्न:

आमच्या भागातील पशुपालकांच्या वार्षिक अंकात एका दिवंगत पशुपालकावर स्मरणलेख असतो. यंदा तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून मी अमेरिकेतील टॉम लॅसेटर (१९११–२००१) यांचे नाव सुचवले आहे. १९३० मध्ये वडील वारल्यावर टेक्सासमधील फॅल्फुरियस येथील कळपाची जबाबदारी त्यांच्यावर ऐन तारुण्यात येऊन पडली. पुढच्याच वर्षापासून त्यांनी हिअरफोर्ड, शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन या गुरांच्या तीन जातींच्या संकरातून एक नवा कळप घडवायला घेतला. त्या कळपाला १९५४ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने ‘बीफमास्टर’ ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. दरम्यान १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते गुरे घेऊन कोलोरॅडोतील मॅथेसन येथे गेले होते, आणि तिथल्या कुरणावर कोणताही वन्य प्राणी मारायचा नाही, असा नियम त्यांनी घालून दिला.

संपादक मंडळातील एका ज्येष्ठांचे म्हणणे असे आहे, की ज्याची गुरे अखेर मांसासाठीच विकली गेली त्याला दयाळू म्हणणे आपल्या वाचकांना पटणार नाही. हा आक्षेप मला उडवून लावावासा वाटत नाही. मग लेखात नेमके काय सांगावे?

गुरांचा_डॉक्टर:

आपण लेखाची सुरुवात त्यांच्या निवडीच्या कसोट्यांपासून करावी, असे मला वाटते. लॅसेटर यांनी जनावर ठेवायचे की काढायचे हे सहा गोष्टींवर ठरवले: स्वभाव, प्रजननक्षमता, वजन, शरीराची ठेवण, काटकपणा आणि दूध. रंगाला आणि शिंगांना त्यांच्या लेखी काहीही किंमत नव्हती. आपल्याकडे खिलार खोंड विकत घेताना शिंगांची ठेवण, कातडीचा रंग आणि चाल यांवर जेवढी चर्चा होते, तेवढी त्याच्या स्वभावावर क्वचितच होते, आणि बैल मारका निघाला तर त्यालाच दोष देऊन आपण मोकळे होतो.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्याने स्वभावाला इतके महत्त्व का द्यावे, याचे उत्तर व्यवहारात आहे. हजारो एकरांच्या माळावर मोकळ्या हिंडणाऱ्या कळपाला वर्षातून काही वेळाच माणसाचा हात लागतो. अशा वेळी भेदरलेली गुरे कुंपणावर धडकतात, एकमेकांना जखमी करतात आणि गुराख्यालाही तुडवतात. त्यामुळे घोडे पिटाळून, आरडाओरडा करून, फासे टाकून ती आवरायची रीत पडली. कळपात गरीब जनावरेच राहिली, की या साऱ्या मारझोडीचे कारणच उरत नाही. पुढे १९९० च्या दशकात जनावरांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन आणि त्यांच्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात शांत गुरांचे वजन बुजऱ्या गुरांपेक्षा अधिक वेगाने वाढते, असे दिसून आले. म्हणजे लॅसेटर यांची माया आणि त्यांचा हिशेब एकाच दिशेने जात होते. यात मला त्यांचा कमीपणा दिसत नाही. जी वागणूक परवडते तीच पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

डेन्व्हरकर:

वन्य प्राण्यांविषयीचा भाग थोडा विस्ताराने लिहावा ही विनंती. पूर्व कोलोरॅडोचा तो प्रदेश कमी पावसाचा आणि आखूड गवताचा आहे. कोल्ह्याच्या कुळातला कोयोटी वासरे मारतो म्हणून त्याला गोळी घालायची, आणि बिळे करून राहणारे प्रेअरी डॉग गवत खातात म्हणून त्यांच्या बिळांत विष टाकायचे, हा तिकडच्या गुरेवाल्यांचा जुना शिरस्ता होता. लॅसेटर यांनी दोन्ही बंद केले. वासराचे रक्षण करणे हे गाईचेच काम आहे, आणि ज्या गाईला ते जमत नाही तिची पैदास पुढे वाढवण्यात अर्थ नाही, अशी त्यांची विचारसरणी होती. शेजाऱ्यांना हे विक्षिप्त वाटले असेल, यात नवल नाही. पुढे त्यांच्या मुलानेही त्याच कुरणावर केवळ गवतावर वाढवलेल्या गुरांचा व्यवसाय केला.

कृष्णाकाठ:

वरील दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली आहे. ज्या गाईला दरवर्षी वासरू होत नाही, किंवा जी ते दूध तुटेपर्यंत सांभाळत नाही, ती लॅसेटर यांच्या कळपात राहत नसे. एक वर्ष सांभाळून घेऊ, ही सवलत तिथे नव्हती. आपल्याकडे भाकड गाय घरचीच आहे म्हणून दावणीला राहते, आणि २०१५ पासून तर महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे काढलेल्या जनावराचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्यासमोर वेगळ्या रूपात उभा राहतो. म्हणून लॅसेटर यांना गोभक्त ठरवण्याचा मोह टाळावा. लेख वाचून कोणी त्यांच्या नावाने गोशाळा काढायला निघाला, तर तो लेख फसला असे समजावे!

मात्र आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागा या कथेत आहे. अमेरिकन ब्राह्मन ही जात भारतातून नेलेल्या गीर, कांकरेज आणि ओंगोल या गुरांपासून तयार झाली, आणि त्यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्यातील गुरांचेही रक्त तिच्यात आल्याचे मानले जाते. ही कृष्णाकाठची गुरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी काळ्या रानाच्या नांगरटीसाठी घडवली होती. बीफमास्टरमध्ये साधारण निम्मे रक्त ब्राह्मनचे आहे. उष्णता आणि गोचीड सोसण्याचा जो काटकपणा लॅसेटर यांना हवा होता, तो त्यांना आपल्याकडच्या वशिंडाच्या गुरांनी दिला.

माणदेशी_खिलार:

सर्वांचे आभार. ‘दयाळू’ हे विशेषण शीर्षकातून काढून टाकतो आणि वन्य प्राण्यांविषयीच्या नियमाचा व स्वभावाच्या कसोटीचा मजकूर तपशिलाने घेतो. कळपातून जनावरे काढण्याची त्यांची कठोर रीत दुसऱ्याच परिच्छेदात येईल, म्हणजे आमच्या ज्येष्ठांना ती लपवली असे वाटणार नाही. कृष्णाकाठच्या गुरांचा उल्लेख मंडळापुढे सर्वांत आधी मांडणार आहे, कारण लेख मंजूर होईल तो त्याच मुद्द्यावर.