मॉन्टे कार्लो मास्टर्स १००० असूनही खेळाडूंना सक्तीची का नाही?

रोहिणी_मिरज

नमस्कार. मुलगी तेरा वर्षांची आहे, रोज मातीच्या कोर्टावर टेनिस खेळते. एप्रिल आला की आम्ही दोघी मॉन्टे कार्लोचे सामने बघतो. परवा तिनं विचारलं, "आई, ही मास्टर्स १००० आहे ना? मग मोठे खेळाडू आले नाहीत तरी त्यांना काहीच कसं होत नाही?" बाकीच्या आठ मास्टर्सपैकी (विजेत्याला रँकिंगचे १००० गुण देणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या स्पर्धा) एखादी चुकवली तर रँकिंगच्या हिशोबात शून्य लागतं आणि इथे लागत नाही, एवढं मला समजलं. पण असं का? ही स्पर्धा किती जुनी आहे? आणि ती मोनॅकोत होतच नाही म्हणतात, ते खरं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. तिला वाचून दाखवणार आहे.

जुना_मार्कर

ताई, लेकीला वाचून दाखवणार म्हणालात म्हणून नीट बसून लिहितो. माझी सगळी नोकरी क्लबात मार्कर म्हणून झाली. पहाटे मुरमाच्या कोर्टावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या आणि मग सभासदांना खेळवायचं. त्यामुळे टीव्हीवर मातीवरचा सामना लागला की माझी नजर आधी कोर्टाकडे जाते.

स्पर्धा मोनॅकोत होत नाही, हे खरं आहे. मॉन्टे कार्लो कंट्री क्लब सीमेला लागून आहे, पण फ्रान्सच्या हद्दीत, रोकब्रून-काप-मार्तँ या गावात. १९२८ साली तो उघडला. डोंगराच्या उतारावर टप्प्याटप्प्यानं कोर्टं बांधलीत आणि खाली थेट समुद्र. स्पर्धा मात्र क्लबाहून जुनी, १८९७ची. सुरुवातीची बरीच वर्षं रेजी आणि लॉरी या इंग्लंडच्या डोहर्टी भावांनी गाजवली. मग न्यूझीलंडचा अँथनी वाइल्डिंग आला. त्यानं पाच वेळा जिंकली, त्यातली शेवटची चार ओळीनं, १९११ ते १९१४. मे १९१५ मध्ये तो महायुद्धात मारला गेला.

ते लाल दिसतं ती आपल्या मुरमासारखी माती नाही, हे लेकीला जरूर सांगा. तो विटांचा बारीक चुरा असतो. वरचा थर एक-दोन मिलिमीटरचाच, खाली चुनखडीचा जाड थर आणि त्याखाली निचऱ्यासाठी खडी. त्याच किनाऱ्यावर कान गावात १८८०च्या सुमारास रेनशॉ भावांनी, उन्हानं करपणारं गवत वाचवायला कोर्टावर फुटक्या मडक्यांचा चुरा पसरला आणि तिथून ही पद्धत निघाली, असं सांगतात. या कोर्टाची तब्येत पाण्यावर चालते. कोरडं पडलं की चुरा उडतो आणि पाय घसरतात, पाणी जास्त झालं की बॉल जड होतो. पावसानं तर इथे १९८१ची फायनलच खाल्ली. कॉनर्स आणि व्हिलास पहिल्या सेटमध्ये ५-५ वर होते, खेळ थांबला तो थांबलाच. त्या वर्षी विजेताच नाही.

आता सक्तीचं. २००७ च्या सुमारास एटीपीनं, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार बघणाऱ्या संस्थेनं, कॅलेंडर नव्यानं मांडायला घेतलं. शांघायला मोठी स्पर्धा द्यायची होती, आणि माद्रिदची ऑक्टोबरातली इनडोअर स्पर्धा मे महिन्यात मातीवर आणायची होती. जागा करायला मॉन्टे कार्लो आणि हॅम्बर्ग या दोघांना खालच्या दर्जावर ढकलायचं ठरलं. मॉन्टे कार्लोवाल्यांनी अमेरिकेत डेलावेअरच्या न्यायालयात मक्तेदारीविरोधी दावा ठोकला. नदालसारखे खेळाडूही या बदलाच्या विरोधात उघड बोलले. त्याच वर्षी तडजोड झाली: १००० चा दर्जा राहील, गुण आणि बक्षिसं राहतील, पण खेळाडूंवर हजेरीची सक्ती असणार नाही. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर या तडजोडीत आहे.

माझं स्पष्ट मत सांगतो, त्यात स्पर्धेचं काही बिघडलं नाही. सक्ती नसतानाही नदाल येत राहिला. २००३ मध्ये सोळा वर्षांच्या या पोरानं इथे आदल्या वर्षीचा फ्रेंच ओपन विजेता आल्बर्ट कोस्टाला हरवलं. २००५ ते २०१२ सलग आठ विजेतेपदं, ओळीनं ४६ सामने. २०१३च्या फायनलमध्ये जोकोविचनं ती साखळी तोडली. नदालनं २०१६, २०१७, २०१८ अशी आणखी तीन जिंकून आकडा अकरावर नेला. फेडरर चार वेळा फायनलला आला आणि चारही वेळा हरला, तीनदा नदालकडून आणि २०१४ मध्ये वावरिंकाकडून. ज्याला मातीवर स्वतःला जोखायचं आहे तो इथे येतोच.

अभि_फ्रँकफर्ट

काकांनी हॅम्बर्गचं नाव घेतलं म्हणून त्याचं पुढे काय झालं ते लिहितो. हॅम्बर्गची स्पर्धा १८९२ची, म्हणजे मॉन्टे कार्लोपेक्षाही जुनी. २००७ मध्ये इथेच फेडररनं नदालची मातीवरची सलग ८१ विजयांची घोडदौड थांबवली, २-६, ६-२, ६-०. हॅम्बर्गवालेही डेलावेअरला न्यायालयात गेले, पण त्यांनी तडजोड केली नाही. ऑगस्ट २००८ मध्ये ज्युरीनं एटीपीच्या बाजूनं निकाल दिला, २०१० मध्ये अपीलही फेटाळलं. २००९ पासून स्पर्धा ५०० च्या दर्जाची झाली आणि जुलैत गेली, विम्बल्डननंतर. तोवर बहुतेक मोठ्या खेळाडूंची नजर अमेरिकेतल्या हार्ड कोर्टांकडे वळलेली असायची. २०२५ मध्ये ती जुलैतून मे महिन्यात हलवली. एकाच वेळी धोक्यात आलेल्या दोन स्पर्धा, एक वाचली आणि एक घसरली. जर्मनीत राहून टेनिस बघणाऱ्या माझ्यासारख्याला हे आजही लागतं. एवढ्या जुन्या स्पर्धेला आणखी चांगला आठवडा मिळायला हवा होता.

रोहिणी_मिरज

काका, अभि, दोघांचे मनापासून आभार. लेकीनं सगळं दोनदा वाचून घेतलं. तिचे पुढचे प्रश्न तयार आहेत: आपलं कुणी तिथे जिंकलंय का, आणि काकांना तिथला सगळ्यात मोठा सामना कोणता वाटतो?

जुना_मार्कर

सामना विचारलात तर १९९५ची फायनल, बेकर विरुद्ध मुस्टर. आदल्या दिवशी सेमीफायनल जिंकून मुस्टर कोसळला होता, त्याला इस्पितळात न्यावं लागलं होतं. फायनलला बेकर दोन सेटनं पुढे. तिसरा सेट मुस्टरनं घेतला. चौथ्याच्या टायब्रेकरमध्ये बेकरकडे दोन मॅच पॉइंट होते, आणि त्यातल्या एकावर त्यानं दुसरी सर्व्हिस पहिलीसारखी जोरात मारली. डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या आणि पॉइंट मुस्टरला. टायब्रेकर गेला, पाचवा सेट ०-६ गेला. सहा ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बेकरला मातीवर एकेरीचं एकही विजेतेपद कधी मिळालं नाही. क्लबातल्या पोरांना सेकंड सर्व्हिस शिकवताना मी हीच गोष्ट सांगत आलो.

आपल्या लोकांनी दुहेरी जिंकली आहे. महेश भूपतीनं २००३ मध्ये मॅक्स मिर्नीबरोबर, रोहन बोपण्णानं २०१७ मध्ये उरुग्वेच्या पाब्लो कुएव्हासबरोबर. एकेरीत मुख्य फेरी गाठणंच अवघड. विजय अमृतराज १९७७ ला, रमेश कृष्णन १९८२ ला, आणि त्यानंतर बेचाळीस वर्षं कुणी नाही. २०२४ मध्ये सुमित नागल पात्रता फेरीत कोबोल्ली आणि दियाझ अकोस्टा यांना हरवून आत आला. पहिल्या फेरीत समोर इटलीचा आर्नाल्डी. नागलनं पहिला सेट ५-७ घालवला, मग ६-२, ६-४ असा सामना काढला. मातीवरच्या मास्टर्समध्ये एकेरीचा मुख्य सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. पुढच्या फेरीत होल्गर रूनेकडून तो तीन सेटमध्ये हरला, तेही मधला सेट ६-३ घेऊन.

नागलची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. त्याच्याकडे सर्व्हिसवर फुकटचे पॉइंट फारसे नाहीत, प्रत्येक पॉइंट पळून मिळवावा लागतो. लेकीला आर्नाल्डीचा सामना पहिल्या सेटपासून दाखवा, नुसते हायलाइट्स नकोत. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला तो बेसलाइनच्या किती मागे उभा राहतो, ते तिला वहीत लिहून ठेवायला सांगा आणि मला कळवा.